गाडी थांबली नव्व्याण्णव वर्षांनी

मंडळी, जुन्या रेल्वे स्टेशनच्या गोडव्यावर बोलाल का, असं रेडिओच्या निर्मात्या बाईंनी मला विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. कुठलं स्टेशन घ्याल, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उल्हासनगर. पलीकडून थोडा वेळ काही आवाजच आला नाही. त्यांच्या मनात नेरळ असणार, नाहीतर खंडाळा. धुकं, कौलारू छप्पर, घंटा वाजवणारा पोर्टर आणि वाफाळता चहा. कवी माणूस आहे, असंच काहीतरी आणील, असा त्यांचा हिशेब असावा.

उल्हासनगर स्टेशनात पाहण्यासारखं काही नाही, हे मी आधीच कबूल करतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारखा घुमट नाही, दगडात कोरलेले मोर-माकडं नाहीत. पत्र्याची शेड, गर्दीनं भरून वाहणारा जिना, बाहेर रिक्षांची रांग, बाकी सगळं आपल्या ओळखीचं. तरीही मुंबईहून सुमारे ५८ किलोमीटरवरचं हे स्टेशन मला फार जुनं वाटतं. त्याचं वय कागदोपत्री आहे त्याहून जास्त आहे असं वाटतं. का वाटतं, ते सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

आधी सनावळी उरकून घेऊ, म्हणजे पुढं गप्पांना मोकळे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिनं. हे आपण शाळेत शिकतो आणि तिथंच थांबतो. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी, म्हणजे आपली ‘जीआयपी’, ठाण्याला थांबायला निघालीच नव्हती. तिला घाटावरचा कापूस हवा होता. १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणला पोचले. कल्याणला त्यांचे दोन फाटे झाले. एक थळ घाटाकडे, म्हणजे कसाऱ्यावरून नाशिककडे, आणि दुसरा बोरघाटाकडे, पुण्याच्या वाटेनं. या दुसऱ्या फाट्यावर १२ मे १८५६ रोजी खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढं सह्याद्री आडवा. पलीकडे खंडाळा ते पुणे हा तुकडा १८५८ मध्ये तयार झाला, पण मधला घाट बाकी. तेव्हा प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचे आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचे. बोरघाटाच्या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. पटकीनं किती गेले याची मोजदाद कुणी नीट ठेवली नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला, तर त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, ते काम अंगावर घेऊन पुरं करवलं. १८६३ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यानं बोरघाटाच्या मार्गाचं उद्घाटन केलं. या फ्रियरसाहेबाचं नाव लक्षात ठेवा, तो पुढं पुन्हा भेटणार आहे.

आता कल्याणचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दोन फाटे म्हणजे उघडलेल्या कात्रीची दोन पाती. कल्याण हा तिचा खिळा. एका पात्यावर शहाड, दुसऱ्यावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. मी राहतो तो कॅम्प नंबर दोन या दोन पात्यांच्या मधे सापडतो. म्हणून आमच्याकडे माणूस घरातून निघताना ठरवतो, आज शहाड गाठायचं की उल्हासनगर. एक, दोन आणि तीन हे कॅम्प कात्रीच्या आत, चार आणि पाच कर्जतच्या पात्यापलीकडे.

कात्रीच्या आतल्या या जमिनीवर तेव्हा काय होतं? भातखाचरं, माळ, आजूबाजूला आगरी माणसांची गावं, एका अंगाला वालधुनी आणि दुसरीकडे उल्हास नदी. उल्हास राजमाचीच्या डोंगरातून उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीकडे येते. इंग्रज इंजिनियरांनी घाटाकडे जाताना तिचंच खोरं धरलं. त्यामुळे इथं नदी आणि गाडी जोडीनं चालतात, फक्त उलट्या दिशांनी. नदी घाटातून खाली येते, गाडी घाटाकडे जाते.

बदलापूरला गाडी थांबायची. ब्रिटिशांच्या ठाणे गॅझेटियरमध्ये बदलापूरची नोंद स्टेशनचं गाव म्हणून आहे. जुन्या काळी घोडी इथं बदलत म्हणून बदलापूर, अशी कथा तिथले लोक हौसेनं सांगतात. खरी असो वा नसो, ऐकायला बरी वाटते. अंबरनाथला तर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, शिलाहारांचं शिवमंदिर. पुढं १९२० च्या दशकात तिथं आगपेट्यांचा विमको कारखाना आला आणि देवाच्या गावाला भोंगा मिळाला. पण अंबरनाथच्या अलीकडे, जिथं आज आमचं स्टेशन आहे, तिथं गाडीनं थांबावं असं काही नव्हतंच. १८५६ पासून गाड्या धडधडत गेल्या. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या. १९३० साली दख्खनची राणी निघाली. ती तेव्हाही इथं थांबली नाही आणि आजही थांबत नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. लष्कराला छावणीसाठी जागा हवी होती. माझा आपला तर्क असा की लष्कराला अशी जमीन हवी असते जिच्या दोन्ही बाजूंना रूळ आहेत आणि मधे फारसं कुणी नाही. ती या कात्रीत मिळाली. दोन हजारांहून जास्त बराकी उभ्या राहिल्या आणि जागेला नाव मिळालं ‘कल्याण कॅम्प’. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या पडल्या.

आणि १९४७ साल आलं.

फाळणीच्या रेल्वेगाड्या म्हटल्या की आपल्याला पंजाब आठवतो. सिंधची गोष्ट जरा वेगळी होती. तिथून माणसं उशिरा निघाली. आज ना उद्या निवळेल असं त्यांना वाटत राहिलं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तो धीर सुटला. कुणी मीरपूरखासवरून खोकरापारच्या वाटेनं जोधपूरला आले, कुणी कराचीला बोटीत बसून मुंबईच्या गोदीत उतरले. गोदीतून कल्याणला आणि कल्याणहून या रिकाम्या बराकींत. लाखाच्या घरात माणसं आली. लष्करी बराकीत मोठा दालनवजा हॉल असायचा. त्यात गोणपाट, साड्या, चादरी बांधून घरं पडली. एका बाजूला बाळंतीण, दुसऱ्या बाजूला मयत आणि मधे चादर, असं म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून मी ऐकलं आहे.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथं कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. नदीचंच नाव. पण ज्यांची घरं आठशे-हजार किलोमीटरवर कुलपं लावून राहिली होती, त्यांच्या नव्या गावाला ‘उल्हास’ म्हणायचं, याला धाडस लागतं. लोक मात्र पुढं कितीतरी वर्षं ‘कॅम्प’च म्हणत राहिले. आजही रिक्षावाल्याला उल्हासनगर म्हणालात तर तो विचारतो, कॅम्प कितवा?

गाव वसलं आणि गाडी तर कानाशीच धावत होती. पोटासाठी मुंबई गाठायची तर आधी पायपीट करा आणि मग गाडीत बसा. पहाटे कल्याणपर्यंत चालत जायचो, डोक्यावर पापडाचं टोपलं असायचं, असं सांगणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. इथं रीतसर स्टेशन झालं ते १९५५ साली. रूळ १८५६ चे, स्टेशन १९५५ चं. मधे नव्व्याण्णव वर्षं. इतर ठिकाणी रूळ येतात, स्टेशन होतं, चहाची टपरी पडते, मग हळूहळू गाव वाढतं. आमच्याकडे क्रम उलटा झाला. आधी माणसं आली, तीही सगळं हरवून. मग त्यांच्यासाठी गाडीला थांबावं लागलं. या स्टेशनचं वय मला कागदापेक्षा जास्त वाटतं ते म्हणूनच. ते आपल्याबरोबर दुसऱ्या स्टेशनांचं वयही घेऊन आलं आहे. रोहडीचं, शिकारपूरचं, लारकान्याचं, हैदराबाद सिंधचं.

त्या काळात मुंबईच्या लोकलमध्ये गोळ्या, बिस्किटं, रुमाल, कंगवे विकणाऱ्यांत सिंधी पोरं पुष्कळ होती. परीक्षेचा अभ्यास डब्यात उभ्यानं करायचा आणि स्टेशन आलं की माल घेऊन पुढच्या डब्यात. पापड लाटणाऱ्या बायका घरात, विकणारे पुरुष गाडीत. रेल्वे हीच त्यांची पहिली बाजारपेठ होती. दुकानाचं भाडं नाही आणि गिऱ्हाईक आपणहून समोर बसलेलं. पुढं दुकानं झाली, कापडबाजार झाला, फर्निचर आलं, जीन्स आली. मग उल्हासनगरच्या मालाला हसायची पद्धत पडली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्हीही केला असेल. मला तो कधीच फारसा आवडला नाही. हसणारा माणूस बहुधा तोच माल दहा रुपये कमी करून घेऊन गेलेला असतो. अर्थात वालधुनीचं पाणी कारखान्यांनी ज्या रंगाचं केलं त्याचं समर्थन मी करणार नाही. शिवमंदिराला लागून वाहणाऱ्या त्या नदीजवळून जाताना अजूनही नाक दाबावं लागतं.

आता मी इथला कसा, ते सांगतो. माझे अब्बा रेल्वेत चावीवाला होते. इंग्रजीत त्याला कीमन म्हणतात. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी. नेमून दिलेला रूळ रोज पायी तपासायचा, जाताना एका अंगानं, येताना दुसऱ्या अंगानं. सैल झालेली चावी ठोकून बसवायची, फिशप्लेटीचे बोल्ट आवळायचे, खडी सरकली असेल तर मुकादमाला सांगायचं. अब्बा हातोड्याच्या आवाजावरून चावी घट्ट आहे की सैल हे ओळखायचे. घरात पितळेचा हंडा घेतला तेव्हाही त्यांनी आधी बोटानं वाजवून पाहिला होता. आम्ही कॅम्प दोनमध्ये एका बराकीतली खोली भाड्यानं घेतली होती. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सिंधी बिऱ्हाडं. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत जायचो आणि संध्याकाळी अम्मी मला उर्दूची अक्षरं गिरवायला लावायची. मराठी माझी झाली ती शाळेमुळे आणि अब्बांमुळे. ते सातारी मराठी बोलायचे. रूळांशी बोलतानासुद्धा.

एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण स्टेशनचा इतिहास सांगायचा आणि ती गाळायची हे बरोबर नाही. रूळांनी हे शहर चिरलं आहे. तीन कॅम्प इकडे, दोन तिकडे. शाळा इकडे, कारखाना तिकडे. पुलावर गर्दी, वेळ नाही, मग माणूस रूळ ओलांडतो. अब्बा काही दिवस कामावरून आल्यावर आंघोळ करून कोपऱ्यात बसायचे आणि जेवायचे नाहीत. अम्मी काही विचारायची नाही. आम्हा पोरांना तिनं एकच कायदा घातला होता, शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण पुलावरूनच जायचं. रेल्वे स्टेशनांच्या गोडव्यावर मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला तो कोपरा दिसतो.

अब्बांचा डबा घेऊन मी स्टेशनवर जायचो, तिथं एक म्हातारे गृहस्थ मला भेटले. आमच्या भागात वडीलधाऱ्या सिंधी माणसाला दादा म्हणतात, तसंच आम्ही त्यांना म्हणायचो. पांढरा सदरा, जाड काचांचा चष्मा. फलाटाच्या टोकाकडच्या बाकावर ते संध्याकाळी येऊन बसत. कुठं जायचं नसायचं. हातात सिंधी वर्तमानपत्र. मी सहज त्यावरचं मोठं अक्षर वाचलं. ते चमकले.

“पुट, तू ये पढ सकता है?”

पुट म्हणजे मुलगा. मी म्हणालो, “अक्षरं येतात दादा, अर्थ नाही कळत.”

“अर्थ मेरे पास है,” ते म्हणाले. “आँख तेरे पास है.”

सिंधी अरबी लिपीत लिहिली जाते, उर्दूसारखीच, पण तिची अक्षरं बावन्न. उर्दूत एका अक्षराला फार तर तीन टिंबं. सिंधीत चार चार. मी अडखळायचो. शिवाय सिंधीत चार आवाज असे आहेत की ते श्वास आत ओढून म्हणावे लागतात. ब, ज, ड आणि ग यांच्यासारखे, पण गिळल्यासारखे. मला ते जमायचे नाहीत. दादा हसायचे, मग एकेक अक्षर करून दाखवायचे, आणि शेजारी बसलेला माणूस आमच्याकडे बघत राहायचा. त्यांच्या घरात हे वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मुलं दुकानात, नातवंडं हिंदी-इंग्रजी शाळेत. १९६७ मध्ये सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली खरी, पण अनुसूचीत जाऊन कुणी वर्तमानपत्र वाचून दाखवत नाही. म्हणून एक मराठी शाळेतला मुसलमान पोरगा उल्हासनगरच्या फलाटावर एका सिंधी हिंदूला त्याची स्वतःची भाषा वाचून दाखवायचा. बदल्यात दाल-पकवान.

आता फ्रियरसाहेबाकडे येऊ. पुढं स्टेशनजवळच्या चांदीबाई कॉलेजात बीए करताना मला इतिहासाच्या पुस्तकांत एक गंमत सापडली. सिंध इंग्रजांनी १८४३ मध्ये जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. सिंधचा कमिशनर म्हणून १८५० मध्ये हाच बार्टल फ्रियर तिथं गेला. सिंधी कोणत्या लिपीत लिहावी यावर साहेबलोकांत वाद होता. एक पक्ष देवनागरीचा, दुसरा अरबीचा. फ्रियरच्या कारकिर्दीत बावन्न अक्षरांची अरबी लिपी ठरली. साल कोणतं? १८५३. बोरीबंदरहून गाडी सुटली तेच साल. कराचीहून कोटरीपर्यंतची सिंधमधली पहिली रेल्वे धावली १८६१ मध्ये, तीही त्याच्याच खटपटीतून सुरू झालेली. त्यानंतर तो मुंबईचा गव्हर्नर होऊन आला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग त्यानं खुला केला. म्हणजे दादांच्या वर्तमानपत्राची लिपी ज्याच्या अमदानीत पक्की झाली, त्याच माणसानं आमच्या स्टेशनापुढचा घाट उघडला होता.

आणखी एक. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ ला. तोवर जवळजवळ नव्वद वर्षं कल्याण आणि कराची एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होते. कराचीतल्या कॉलेजची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. १९४८ मध्ये कल्याण कॅम्पात जी माणसं ‘परकी’ म्हणून उतरली, ती बारा वर्षांपूर्वी आपल्याच इलाख्यातली होती. निर्वासित हा शब्द आपण किती चटकन वापरतो, पाहा. त्यांना तो आवडायचा नाही. दादा म्हणायचे, हम तो बदली होके आये हैं. रेल्वेवाल्याच्या पोराला बदली म्हणजे काय हे चांगलं कळत होतं. फक्त अब्बांच्या बदलीला परतीचा पास असायचा.

दादा मूळचे रोहडीचे. रोहडी आणि सक्कर यांच्यामधे सिंधू नदीवर लॅन्सडाउन पूल आहे, १८८९ साली झालेला, लोखंडी. त्यावरून गाडी गेली की कसा आवाज होतो, तो ते तोंडानं काढून दाखवत. अब्बा एकदा डबा घ्यायला आले आणि त्यांनी तो ऐकला. मग दोघं म्हातारे, म्हणजे तेव्हा मला दोघंही म्हातारेच वाटायचे, बराच वेळ पुलांवर बोलत बसले. रोहडीच्या पुलाचे खांब, उल्हास नदीवरचा पूल, पावसात कुठल्या पुलाला किती पाणी लागतं. ते दोघं इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मधे राजकारण आलं नाही, धर्म आला नाही. गर्डर आले.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ तुम्हाला आठवत असतील. मी तेव्हा मुंबईत एका खासगी ऑफिसात कारकून होतो. लोकलमध्ये नाव विचारलं जाण्याचे ते दिवस. मी डब्यात पुस्तक उघडून बसायचो, मराठी पुस्तक, कव्हर बाहेर दिसेल असं. उल्हासनगरला उतरलो की बाकावर दादा असायचे. त्यांनी सत्तरी ओलांडली होती, संध्याकाळी बाहेर पडणं त्यांनी दोनेक वर्षांपूर्वीच सोडलं होतं. पण त्या दिवसांत रोज साडेसातला ते तिथं होते. माझ्याबरोबर जिना चढायचे, उतरायचे, रिक्षात बसायचे, बराकीच्या तोंडाशी मला सोडून पुढं जायचे. वाटेत काहीही बोलायचे. मी पहिल्या दिवशी विचारलं, “दादा, पेपर वाचायचा आहे का?” त्यांच्या हातात पेपर नव्हता.

ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी गेले. खोकरापार-मुनाबावची रेल्वे १९६५ च्या युद्धात तुटली होती, ती फेब्रुवारी २००६ मध्ये थार एक्स्प्रेस म्हणून पुन्हा सुरू झाली, तेव्हा मला त्यांची फार आठवण झाली. ऑगस्ट २०१९ पासून ती परत बंद आहे.

अब्बांच्या नोकरीत पावसाळा सर्वांत वाईट. रात्री कंदील घेऊन रूळ बघत फिरायचं. नदीचं आणि गाडीचं एकच खोरं असलं की भांडणही व्हायचंच. २६ जुलै २००५ ला उल्हास बदलापुरात घुसली, तेव्हा अब्बा निवृत्त झाले होते, तरी रात्रभर जागे होते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी होते, नौदल, आपत्ती दल आणि आसपासचे गावकरी धावले आणि सगळे सुखरूप निघाले. टीव्हीवर ती गाडी पाण्यात उभी पाहताना मला पहिला प्रश्न पडला तो, आत खडीचं काय झालं असेल? रक्तातलं जात नाही.

बदलापूरबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण जुन्या छोट्या गावाचं स्टेशन म्हणाल तर ते तिथं होतं. मे महिना सरत आला की आदिवासी बायका जांभळं, करवंदं पानांच्या द्रोणात घेऊन स्टेशनबाहेर बसत. आजही काहीजणी बसतात, पण त्यांच्यामागे आता वीस-वीस मजली इमारती उभ्या असतात. मुंबईत घर परवडत नाही तो डोंबिवलीला, डोंबिवलीत परवडत नाही तो अंबरनाथ-बदलापूरला. त्याला कुणी निर्वासित म्हणत नाही, पण रोज पहाटे साडेचारला उठून दीड तास उभ्यानं जायचं आणि तसंच परत यायचं, ही मजबुरी दादांच्या पिढीला ओळखू आली असती. सकाळच्या गाडीत भजनी मंडळ असतं, मटार सोलणाऱ्या बायका असतात आणि मला एवढ्या वर्षांत बसायला जागा मिळालेली नाही. कविता मी सगळ्या उभ्यानं केल्या. ओळी आखूड का, असं समीक्षक विचारतात. डोंबिवली आली की धक्का बसतो, ओळ तिथं तुटते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबल्या. त्या आठवड्यात कॅम्प दोनमधल्या लोकांना रात्री झोप लागेना. दोन्ही पात्यांवरून येणारा आवाज बंद झाला होता. शेजारची म्हातारी म्हणाली, “साईं, ऐसी शांती तो बराक में पहली रात को भी नहीं थी.”

आता कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका मंजूर आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोली नावाचं नवं स्टेशनही मंजूर झालं आहे. तिथंही क्रम आमच्यासारखाच. इमारती आल्या, माणसं आली, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, गाड्या मात्र अजून समोरून निघून जातात. परवा मी मुद्दाम त्या बाजूला जाऊन आलो. फलाटाचा पत्ता नाही. रस्त्याकडेला बिल्डरांच्या पाट्या मात्र ओळीनं उभ्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर लिहिलं आहे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर.